मरणाची तारीख ठरल्यावर अवयवदानाचं कुणी विचारायचं?

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात एखाद्या रुग्णाचं इच्छामरण ठरलं की त्याची खबर प्रांताच्या अवयवदान यंत्रणेला द्यावी लागते. तो रुग्ण दाता म्हणून चालण्यासारखा असेल तर यंत्रणेतलं कुणीतरी त्याला थेट विचारतं, तुम्हाला अवयवदान करायचं आहे का? बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये इच्छामरण कॅनडाच्या कितीतरी आधीपासून आहे, पण तिथला जुना संकेत नेमका उलटा. विषय काढायचा तो रुग्णाने. डॉक्टरने आपणहून अक्षर काढायचं नाही.

ऑन्टारिओबद्दल पहिल्यांदा वाचताना अंगावर काटा येतो. मरायला निघालेल्या माणसाला कुणीतरी फोन करून किडन्यांचं विचारतंय! तरीही बराच विचार करून माझं मत ऑन्टारिओच्या बाजूला झुकलंय. काही अटी घालून. आणि एका प्रकारच्या रुग्णांच्या बाबतीत साफ विरोधात. पोस्ट लांब होणार आहे, सवडीने वाचा.

बेल्जियम आणि नेदरलँड्स या दोन्ही देशांचे कायदे २००२ साली लागू झाले. कॅनडात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने इच्छामरणावरची बंदी घटनाबाह्य ठरवली आणि २०१६ च्या जूनमध्ये कायदा आला. स्पेनचा कायदा २०२१ चा. या चारही देशांत इच्छामरणानंतर अवयवदान होतं, आणि त्याची सुरुवात बेल्जियममध्ये २००५ साली झाली. "आता माणसं अवयवांसाठी मारणार" असं म्हणणाऱ्यांनी आकडे तरी बघावेत. २०२१ पर्यंत चारही देशांत मिळून असे दाते तीनशेच्या आत होते. एकट्या कॅनडात २०२३ साली १५,३४३ जणांनी वैद्यकीय साहाय्याने मरण घेतलं, नेदरलँड्समध्ये त्याच वर्षी ९,०६८ जणांनी. दाते इतके कमी असण्याचं मुख्य कारण अगदी साधं आहे. इच्छामरण मागणाऱ्यांत सगळ्यात जास्त रुग्ण कॅन्सरचे, आणि शरीरात कॅन्सर असेल तर किडनी-लिव्हर सहसा घेता येत नाही. मग उरतात ते मुख्यतः मज्जासंस्थेच्या आजारांचे रुग्ण. एएलएस, मल्टिपल स्क्लेरोसिस, हंटिंग्टन्स. शरीर एकेक करून साथ सोडत असतं, पण मूत्रपिंडं, यकृत, कित्येकदा फुप्फुसंही धडधाकट असतात.

स्वित्झर्लंडचं नाव या चर्चेत हमखास येतं, पण तिथे हे जवळपास अशक्यच आहे. तिथे रुग्णाला औषध स्वतःच्या हाताने घ्यावं लागतं, तेही बहुधा हॉस्पिटलच्या बाहेर, आणि प्रत्येक मृत्यूनंतर पोलिसांचा पंचनामा होतो. तोवर अवयव निकामी झालेले असतात. डॉक्टरने शिरेतून औषध द्यायचं आणि तेही हॉस्पिटलमध्ये, हे जिथे चालतं तिथेच हा प्रश्न उभा राहतो.

हॉस्पिटलमध्ये घडतं ते असं. ठरलेल्या दिवशी रुग्ण दाखल होतो. रक्ताच्या तपासण्या, स्कॅन, कुणाशी जुळतं ते शोधणं, हे सगळं आधी झालेलं असतं. निरोप होतात. मग शिरेतून आधी गुंगीचं, नंतर गाढ बेशुद्धीचं आणि शेवटी स्नायू सैल करणारं औषध. काही मिनिटांत हृदय थांबतं. त्यानंतर साधारण पाच मिनिटं कुणीही हात लावायचा नाही, कारण हृदय आपणहून पुन्हा सुरू होत नाही याची खात्री पटावी लागते. मृत्यू जाहीर होतो आणि मग रुग्णाला घाईने ऑपरेशन थिएटरमध्ये नेतात. प्रत्यारोपणाच्या टीमने तोपर्यंत खोलीत पाऊलही टाकायचं नसतं. मरणाला मंजुरी किंवा औषध देणारे डॉक्टर आणि अवयव काढणारे डॉक्टर वेगळे असलेच पाहिजेत. हा नियम सगळीकडे आहे आणि त्यात सूट नाही.

अवयवांच्या दृष्टीने हा मृत्यू 'चांगला' असतो. वाक्य कानाला बरं वाटत नाही, पण वस्तुस्थिती तशी आहे. हृदय थांबल्यावर होणाऱ्या नेहमीच्या अवयवदानात आयसीयूतल्या रुग्णाचा व्हेंटिलेटर काढतात आणि वाट बघतात. रक्तदाब हळूहळू उतरतो, ऑक्सिजन उतरतो, आणि तेवढा वेळ अवयव उपाशी राहतात. एक-दोन तासांत हृदय थांबलं नाही तर दान रद्द होतं. इच्छामरणात ही वाट बघणं नसतं. म्हणून मिळणारे अवयव बऱ्याचदा जास्त चांगल्या स्थितीत असतात. आणि खरं भय इथेच सुरू होतं, कारण जे यंत्रणेच्या फायद्याचं असतं त्याच्याकडे यंत्रणा आपोआप कलते. त्यासाठी कुणी दुष्ट असावं लागत नाही.

यावर सगळीकडे दिलेलं उत्तर एकच, दोन निर्णयांमध्ये भिंत. आधी मरणाचा निर्णय, त्याची तपासणी, त्याची मंजुरी. ते सगळं झाल्यावरच अवयवदानाचा विषय. कॅनडात २०१९ साली निघालेल्या मार्गदर्शक सूचनांचा गाभाही हाच होता. पटण्यासारखं आहे. पण ही भिंत नक्की कुठे बांधायची याबद्दल बोलणाऱ्यांचा मोठा गोंधळ होतो असं मला वाटतं.

भिंत डॉक्टरांमध्ये हवी, कागदपत्रांत हवी, दोन टीम्सच्या वेळापत्रकात हवी. रुग्णाच्या डोक्यात ती बांधता येत नाही, आणि बांधायचा प्रयत्नही करू नये.

समजा एएलएसची एक रुग्ण आहे. हातपाय गेलेत, गिळणं अवघड झालंय, श्वासाचे स्नायू दुबळे होत चाललेत. तिने बरंच आयुष्य शुद्धीत आणि विचारात घालवलंय. मरणाचा विचार करताना "निदान माझ्या किडन्या तरी कुणाच्या उपयोगी पडतील" हे तिच्या मनात येणारच. कदाचित पहिल्याच दिवशी येईल. अशा वेळी तपासणाऱ्या डॉक्टरने चौकशी अधिकाऱ्यासारखं विचारायचं का, बाई, तुमच्या निर्णयात या विचाराचा वाटा किती टक्के? माणूस कोणताही मोठा निर्णय एकाच कारणाने घेत नाही. वेदना, थकवा, लाज, मुलांचा चेहरा, आणि हो, उपयोगी पडण्याची इच्छाही. सगळं एकत्रच असतं. हेतू शुद्ध असल्याशिवाय मरू देणार नाही असा हट्ट धरला तर रुग्ण खोटं बोलायला शिकतील. दानाचं बोललो तर मरणाचा अर्ज अडकेल, या भीतीने गप्प बसतील. जी गोष्ट तपासायला हवी तीच लपेल.

मग तपासायचं काय? हा दानाचा विचार काढून टाकला तरी या माणसाचा त्रास कायद्यात बसतो का, एवढंच. ही तपासणी डॉक्टर करू शकतात, कारण तिच्यासाठी आजार बघावा लागतो, उपायांची चौकशी करावी लागते, रुग्णाशी पुन्हा पुन्हा बोलावं लागतं. त्याचं मन धुऊन स्वच्छ आहे का ते बघावं लागत नाही.

या मुद्द्यावरचा सगळ्यात टोकदार आक्षेप 'ओझ्या'चा आहे आणि मी तो हलका मानत नाही. कॅनडाच्या सरकारी वार्षिक अहवालांत रुग्णांच्या त्रासाची कारणं नोंदलेली असतात. आपण घरच्यांना ओझं झालोय, ही भावना त्यांत निदान एक तृतीयांश लोकांकडे सापडते. एकदा असं वाटू लागलं की तुमच्यात अजून काहीतरी मोलाचं आहे असं सांगणारा माणूस फार गोड वाटतो. आणि ते मोलाचं काय, तर तुमचं लिव्हर. जगताना निरुपयोगी, मरून उपयोगी. हा हिशेब कुणी तोंडाने मांडला नाही तरी तो मांडला जातो. या आक्षेपाला "संमती घेतो ना आम्ही" हे उत्तर पुरत नाही, कारण संमती खरीच असते. प्रश्न ती संमती ज्या खोलीत तयार झाली त्या खोलीचा आहे.

पण म्हणून अवयवदानावर बंदी घातली तर ओझ्याची भावना कमी होईल का? एक कणही नाही. ती भावना कमी होते ती घरी येणाऱ्या नर्समुळे, वेदनाशामक उपचार वेळेवर मिळाल्यामुळे, सांभाळणाऱ्या माणसाला महिन्यातून चार दिवस सुटी मिळाल्यामुळे. यातलं काही न देता फक्त दान थांबवणं म्हणजे रुग्णाला मरू द्यायचं, पण त्याच्या इच्छेप्रमाणे उपयोगी पडू द्यायचं नाही. हा कोणता कळवळा, मला कळत नाही. ज्यांना ओझ्याचा मुद्दा खरोखर टोचतो त्यांनी पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास हलका करणाऱ्या उपचारांच्या, बजेटवर भांडावं. काहीजण भांडतातही, आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे.

आता पुन्हा ऑन्टारिओच्या प्रश्नाकडे. विचारायचं की नाही?

न विचारण्यात सभ्यता दिसते, पण त्यातून एक विचित्र निवड होते. ज्याने कुठेतरी वाचलंय, ज्याला डॉक्टरशी वाद घालता येतो, ज्याची मुलगी इंटरनेटवर शोधू शकते, तो विषय काढतो. बाकीच्यांना हे शक्य आहे हेच ठाऊक नसतं. कित्येकांनी तरुणपणी दाता म्हणून नाव नोंदवलेलं असतं, आणि आता आजारी पडल्यावर ते बाद झालं असं धरून चालतात. एका प्रौढ, शुद्धीतल्या माणसाला स्वतःच्या शरीराबद्दलची माहिती आपण 'त्याला वाईट वाटेल' म्हणून द्यायची नाही? ज्याला स्वतःच्या मरणाचा निर्णय पेलतो असं आपणच लिहून दिलं, त्याला एक प्रश्न पेलणार नाही?

आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मृत्यूनंतरच्या बाकी जवळपास सगळ्या अवयवदानांत दाता निर्णयाच्या वेळी बेशुद्ध असतो. अपघात, मेंदूतला रक्तस्राव, हृदय बंद पडणं. विचारावं लागतं ते नातेवाइकांना, तेही हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, ज्या रात्री त्यांना स्वतःचं नावही धड आठवत नसतं. फार तर एखादं जुनं दाता कार्ड असतं. मृत्यूच्या आधी अवयवांसाठी काही करायचं, उदाहरणार्थ रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून हेपॅरिन द्यायचं, तर त्यावर वर्षानुवर्षं वाद चालतो, कारण ते रुग्णाच्या भल्यासाठी नसतं आणि त्याला विचारता येत नाही. इथे विचारता येतं! पूर्ण शुद्धीवरच्या माणसाला समोर बसवून सांगता येतं की आम्ही हे इंजेक्शन देऊ, त्याचा तुम्हाला काही फायदा नाही, हा त्रास होऊ शकतो, चालेल का? आणि तो हो किंवा नाही म्हणू शकतो. अवयवदानात याहून स्वच्छ संमती मिळणं कठीण आहे.

म्हणून माझं म्हणणं, विचारा. पण मरणाची मंजुरी पूर्ण झाल्यावरच. आणि विचारणारा माणूस मरणाच्या निर्णयाशी संबंध नसलेला हवा. एकदाच विचारा. "नाही" आलं तर का म्हणून विचारू नका, दुसरा फोन करू नका, आणि ते नाही इच्छामरणाच्या फाइलवर कुठेही लिहू नका.

खरी कसोटी त्यानंतर लागते, आणि तिच्याबद्दल फारच कमी बोललं जातं. 'हो' म्हटल्यावर मागे फिरता येतं का?

कागदावर येतं. शेवटच्या क्षणापर्यंत दोन्ही निर्णय मागे घेता येतात. फक्त दान नको म्हणा, मरणच नको म्हणा, आज नको पुढच्या महिन्यात म्हणा. पण त्या सकाळी काय परिस्थिती असते ते डोळ्यांसमोर आणा. शेजारी थिएटर तयार आहे. दुसऱ्या शहरातून सर्जन आलेत. कुठेतरी दोन-तीन माणसं उपाशीपोटी हॉस्पिटलमध्ये येऊन बसलीत, कदाचित आयुष्यातली ही पहिलीच संधी म्हणून. आणि रुग्णाला हे सगळं माहीत आहे, कारण त्यानेच मान्यता दिलीय. एरवी इच्छामरण मागणाऱ्यांतले काहीजण ऐनवेळी थांबतात, तारीख पुढे ढकलतात. ते थांबणं हीच या कायद्यांची सगळ्यात मोठी सुरक्षितता आहे. अवयवदान जोडलं की थांबण्याची किंमत वाढते, आणि ती दुसऱ्या कुणाच्या जिवाच्या भाषेत वाढते.

यावर उपाय यंत्रणेच्याच हातात आहे, आणि तिला त्याची सवयही आहे. वर सांगितलेल्या नेहमीच्या पद्धतीत व्हेंटिलेटर काढल्यावर हृदय वेळेत थांबलं नाही की टीम रिकाम्या हाताने परत जाते. हे नेहमीचं आहे, कुणी त्याचा गवगवा करत नाही. अवयवाची वाट बघणाऱ्यालाही आधीच सांगितलेलं असतं की आज होईलच असं नाही. मग इच्छामरणाच्या रुग्णालाही हेच स्पष्ट शब्दांत सांगा. ही टीम दर वर्षी अनेकदा रिकाम्या हाताने परतते, तुम्ही थांबलात तर त्यात आणखी एकाची भर, बाकी काही नाही. घेणाऱ्यांबद्दल रुग्णाला काहीही सांगू नका. किती जण आहेत, लहान मूल आहे का, काही नाही. त्या दिवशी सकाळी घरच्यांना बाहेर पाठवून एकट्याला विचारा. आणि विचारणाऱ्याचं काम 'हो' मिळवणं नसावं, 'नाही' म्हणायला जागा देणं असावं.

नेदरलँड्समधून आलेल्या एका पर्यायाबद्दल मी अजून अडखळतो. पुष्कळांना घरीच मरायचं असतं, आणि दान करायचं तर हॉस्पिटलला जावं लागतं. त्यावर तिथल्या डॉक्टरांनी वाट काढली. निरोप घरी, गुंगीचं औषध घरी, मग बेशुद्धावस्थेत अँब्युलन्समधून हॉस्पिटलला न्यायचं आणि प्राण घेणारं औषध तिथे द्यायचं. माणसाच्या दृष्टीने बघितलं तर छानच आहे. शेवटचं जे दिसलं ते स्वतःचं घर, स्वतःची माणसं. पण 'नाही' म्हणण्याचा शेवटचा क्षण मृत्यूच्या कितीतरी आधी सरकला. अँब्युलन्समध्ये पडलेल्या त्या जिवंत माणसाचं मत आता कुणी विचारू शकत नाही. रुग्णाने हे समजून उमजून स्वीकारलं असेल तर मी अडवणार नाही. पण हे त्याला याच शब्दांत सांगितलेलं असावं, 'प्रक्रिया घरून सुरू होते' असल्या गुळगुळीत भाषेत नाही.

एक रेषा मात्र मी ओलांडू देणार नाही. २०१२ साली डॉमिनिक विल्किन्सन आणि ज्युलियन सवुलेस्कू या दोन नीतिशास्त्रज्ञांनी मांडलं की माणूस तसाही मरणार आहे, त्याची इच्छा आहे, तर भूल देऊन जिवंतपणीच अवयव काढावेत आणि मृत्यू त्या ऑपरेशनमधूनच यावा. अवयव आणखी चांगले मिळतील, हृदयही मिळेल, दात्याला काही जाणवणार नाही. तर्क म्हणून त्यात फट शोधणं अवघड आहे, हे मान्य. दाता भूल घेऊन पडलाय, त्याला पाच मिनिटांचा काय फरक? त्याला नाही, पण ऑपरेशन टेबलवर दाता म्हणून आडव्या होणाऱ्या पुढच्या प्रत्येकाला आहे. दाता आधी मेलेला असतो, अवयव काढल्यामुळे मरत नाही, या एका वाक्यावर अपघातात मुलगा गमावलेला बाप सही करतो. त्या वाक्याला तळटीप जोडावी लागली तर किती सह्या जातील याचा अंदाज कुणी घेतलाय? आणि मरण देणारा हात आणि अवयव घेणारा हात एकच झाला की ती संस्थांमधली भिंत उरतेच कुठे?

इच्छामरणानंतर आपल्या भावाला किंवा मुलीलाच किडनी द्यायची, हा रुग्णाचा हट्टही याच कारणाने मला अडचणीचा वाटतो. जिवंतपणी सख्ख्याला किडनी देणं सर्रास चालतं, मग इथे का नको, हा प्रश्न रास्त आहे. पण इथे भावाच्या डायलिसिसच्या कॅलेंडरवर बहिणीच्या मरणाची तारीख ठरू शकते. घरातलं कुणीही तसं म्हणणार नाही. म्हणायची गरजही पडणार नाही.

आता सुरुवातीला म्हटलेला विरोध. बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये असह्य आणि असाध्य मानसिक आजारासाठीही इच्छामरण मिळू शकतं. कॅनडात फक्त मानसिक आजारावरून ते द्यायचं की नाही हे लांबणीवर पडत पडत १७ मार्च २०२७ पर्यंत गेलंय. या रुग्णांत कमी वयाचे लोकही असतात, शरीर निरोगी, अवयव उत्तम. यंत्रणेच्या नजरेने बघितलं तर आदर्श दाते, आणि नेमकं म्हणूनच यंत्रणेने त्यांच्याकडे आपणहून जाऊ नये. नैराश्याचा एक जुना सूर 'मी नसलो तर सगळ्यांचं बरं होईल' हा असतो. तिथे अवयवदानाचा प्रश्न नेऊन ठेवणं म्हणजे आजाराच्या तोंडी पुरावा देणं. रुग्णाने स्वतः विषय काढला, तोही मंजुरीनंतर, तर दरवाजा बंद करायचा नाही. पण फोन नको, पत्रक नको, बेल्जियमचा जुना संकेतच बरोबर. एएलएसच्या रुग्णाला विचारायचं आणि याला नाही, हा भेदभाव झाला म्हणाल तर झाला. करावा.

राहता राहिला तो अवयव घेणारा. त्याला सांगायचं का, हे कुठून आलं? जर्मनीत हृदय थांबून मृत्यू झालेल्यांचे अवयव घेतच नाहीत, मेंदूमृत्यूच लागतो. त्यामुळे युरोट्रान्सप्लांट या अनेक देशांत मिळून अवयव वाटणाऱ्या संस्थेच्या एकाच यादीत बेल्जियम आणि नेदरलँड्सबरोबर असूनही हा प्रश्न तिथल्या रुग्णापर्यंत पोहोचत नाही. इतर ठिकाणी पोहोचतो. ऐन ऑपरेशनच्या दिवशी सांगणं क्रूरपणा आहे, आणि त्यातून दात्याची ओळखही उघड होऊ शकते. पण ज्याच्या धर्माला किंवा विवेकाला इच्छामरण पटत नाही त्याला कधीच न विचारणं हीही फसवणूकच. यादीत नाव घालतानाच, बाकी दहा गोष्टी विचारतात त्यांतच हेही विचारावं. नको म्हणाला तर त्याला असे अवयव देऊ करू नयेत, आणि त्यापायी त्याचा यादीतला नंबर एकानेही खाली जाता कामा नये.